छातीत दुखतंय: गॅस, स्नायू की हृदय? घरच्यांनी कसं ओळखायचं?

नौपाडेकरीण · रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण नीट वाचा ही विनंती.

पाडव्याला दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. सासरे (वय ७१, बीपीची गोळी चालू, साखर नाही) नेहमीसारखे आडवे झाले. चारच्या सुमारास उठून पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "छातीत भरल्यासारखं वाटतंय गं." मी विचारलं, नेमकं कुठे? त्यांनी बोट नाही ठेवलं. आख्खा तळहात छातीच्या मधोमध ठेवला आणि त्याची हळूहळू मूठ वळली. पंखा पाचवर होता तरी बनियन पाठीला चिकटलं होतं. सासूबाईंनी ओवा-सैंधव दिलं, मी इनो दिलं. मोठा ढेकर आला, "आता मोकळं वाटतंय" म्हणाले, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. त्या एका ढेकरापायी आमचे तीन तास गेले.

सात वाजता बघते तर बेसिनपाशी उभं राहून कवळी काढत होते. म्हणे खालची हिरडी ठणकतेय, कवळी टोचतेय. चेहरा मात्र राखेसारखा. तेव्हा जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं (नाव लिहीत नाही, भांडायला आलेले नाही). ईसीजी काढला. "नॉर्मल आहे, अ‍ॅसिडिटी दिसतेय", इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. साडेनऊला घरी उलटी झाली आणि उभं राहता येईना. मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या ईसीजीत हार्ट अ‍ॅटॅक स्पष्ट दिसत होता. रात्रीच अँजिओप्लास्टी झाली, उजव्या रक्तवाहिनीत एक स्टेंट आहे. बाबा आता घरी आहेत, बरे आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. सातला स्वच्छ असलेला ईसीजी साडेनऊला इतका कसा बदलतो? आणि छातीत दुखण्याची इतकी कारणं असतात, तर आमच्यासारख्यांनी घरात कशावरून काय समजायचं?

येऊरवाट · रविवार, दुपारी १२:०५

ताई, बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.

माझा अनुभव उलट्या टोकाचा. दोन वर्षांपूर्वी घर बदलताना फ्रिज आणि पुस्तकांची खोकी उचलली. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला, छातीच्या हाडालगत, कळ. खोल श्वास घेतला, कूस बदलली, शिंकलो की सुई टोचल्यासारखं. वय ४४, मनात नको ते आलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, मग अंगठ्याने फासळी आणि छातीचं हाड जिथे जुळतं तिथे दाबलं आणि मी ओरडलोच. "हेच दुखतंय ना? अगदी हेच?" असं दोनदा विचारलं. कूर्चेला सूज होती, कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात. शेक आणि वेदनाशामक गोळ्या, तीन आठवड्यांत गेलं.

मला एका बोटाने जागा दाखवता येत होती, हा तुमच्या बाबांच्या आणि माझ्या दुखण्यातला फरक.

कोलशेतची_मुक्ता · रविवार, दुपारी १:४०

आईचं सांगते. उजव्या बाजूला स्तनाखालून पाठीपर्यंत पट्ट्यासारखी आग. साडीचा पदर लागला तरी सहन होईना. ईसीजी, एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी सगळं झालं, काही नाही. चौथ्या दिवशी त्याच पट्ट्यावर पाणी भरलेले बारीक फोड उठले. नागीण! पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो, म्हणून छातीवर किंवा पाठीवर एकाच बाजूला आग होत असेल तर रोज कपडा बाजूला करून बघत जा.

नाडी · रविवार, रात्री १०:१५

मी नेरूळला फिजिशियन आहे. ओपीडी आटोपून निवांत लिहितोय.

नौपाडेकरीण, आधी तुमचा पहिला प्रश्न. ईसीजी हा साधारण दहा सेकंदांचा फोटो आहे. रक्तवाहिनीतली गुठळी काही एकदा बसली आणि जागच्या जागी राहिली असं नसतं. ती थोडी विरघळते, रक्त वाहू लागतं, पुन्हा अडकते. मधल्या काळात दुखणंही कमी होतं आणि कागदही स्वच्छ येऊ शकतो. शिवाय हृदयाच्या मागच्या भागाचा किंवा उजव्या कप्प्याचा झटका नेहमीच्या बारा लीडमध्ये (ईसीजीच्या बारा नोंदींत) नीट दिसेलच असं नाही, त्यासाठी लीड वेगळ्या जागी लावाव्या लागतात. म्हणून दुखणं संशयास्पद असेल तर पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा काढायचा असतो, आणि सोबत रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं असतं. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन वाढतं, पण त्याला काही तास लागतात. दुखू लागल्यावर तासाभरात काढलेलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असं नाही, ते काही तासांनी परत करावं लागतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत पहिला ईसीजी चुकीचा नव्हता. त्या एकाच कागदावर त्यांना घरी पाठवणं चुकलं.

आता ढेकर. बाबांची उजवी रक्तवाहिनी बंद होती. ती बहुतेकांत हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त पुरवते आणि ती भिंत श्वासपटलावर टेकलेली असते. त्यामुळे अशा झटक्यात मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दाब, ढेकर यावेसे वाटणं हे सगळं येतं. त्यात हृदय आणि अन्ननलिका, दोघांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच पातळीवर पोचतात. मेंदूला कळतं की "इथे कुठेतरी" बिघडलंय, नेमकं कुठे ते कळत नाही. जबड्याचं, दंडाचं, खांद्याचं दुखणं त्याच वाटेने येतं. कवळी टोचत नव्हती, ताई. ते हृदयाचंच दुखणं होतं.

विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १७६८ मध्ये अँजायनाचं वर्णन केलं, तेव्हा ईसीजी नव्हता. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळून येतं आणि उभं राहिलं की जातं, एवढं त्यांनी रुग्णांच्या तोंडून टिपून घेतलं. आजही मी पेशंटला आधी हेच विचारतो: कशाने येतं, कशाने जातं?

चालल्याने, जिना चढल्याने, संतापाने येतं आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत ओसरतं, ते हृदयाचं समजा. दाबल्यावर, वळल्यावर तेच दुखणं जसंच्या तसं येतं, ते बहुधा स्नायूंचं किंवा फासळ्यांचं. श्वास आत घेताना टोचतं आणि सोबत ताप-खोकला असेल तर फुप्फुसाच्या आवरणाला सूज, न्यूमोनिया, आपल्याकडे टीबीसुद्धा मनात ठेवायचा. आडवं झाल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसलं की कमी होतं, ते हृदयाच्या बाहेरच्या आवरणाची सूज असू शकते, विशेषतः नुकताच व्हायरल ताप येऊन गेला असेल तर. आडवं झाल्यावर जळजळ वर चढते आणि तोंडात आंबट पाणी येतं, ते पित्ताचं. रात्री तळलेलं खाल्ल्यावर उजव्या कुशीत कळ येऊन ती पाठीत खांद्याच्या पात्याखाली जाते, तिथे पित्ताशयातले खडे शोधावेत.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत की ज्यांत घरी एक मिनिटही घालवायचं नाही. एक, बीपी असलेल्या माणसाला अचानक, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं, छातीतून पाठीत काहीतरी फाटत गेल्यासारखं दुखणं. ती महाधमनी आतून चिरत जात असू शकते. दुसरी, ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एका पोटरीला सूज येते आणि मग एकाएकी दम लागून छातीत टोचतं. ती पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

हे सगळं लिहिलं, पण यातली एकही खूण शंभर टक्के नाही. दाबल्यावर दुखणाऱ्या माणसालाही झटका आलेला मी पाहिलाय. इनोने बरं वाटलेल्यालाही. म्हणून घरच्यांनी निदान करत बसू नये. जबड्यापासून बेंबीपर्यंत काहीही नवीन दुखतंय, सोबत घाम, दम, उलटी किंवा गळून जाणं आहे, किंवा वीस मिनिटं झाली तरी थांबत नाही, तर कारण शोधायचं काम हॉस्पिटलचं. तिथे पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, तो मागून घ्या.

ताई, एक विचारतो. पाडव्याच्या आधी बाबांना जिन्यात काही त्रास होत होता का?

तलावपाळी · सोमवार, सकाळी ८:३०

डॉक्टर, फार उपयोगी. एक शंका. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सगळे खिशात सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) ठेवतात. शिवाय एक मेसेज फिरतो, एकटे असाल आणि अ‍ॅटॅक आला तर जोरजोराने खोकत राहा. यात तथ्य किती?

नाडी · सोमवार, दुपारी २:५०

काका, खोकण्याचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्याने गुठळी हलत नाही आणि फोन करायची वेळ जाते.

सॉर्बिट्रेट ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांनी बसून, जिभेखाली घ्यावी. शेजाऱ्याला आपल्या खिशातली देऊ नये. ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी उतरवते. बीपी आधीच कमी असेल, उजव्या कप्प्याचा झटका असेल, किंवा माणसाने आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर बीपी धोकादायक घसरतं. ही शेवटची गोष्ट पुरुष बायकोसमोर सांगत नाहीत, म्हणून आम्हाला त्यांना बाजूला घेऊन विचारावी लागते. आणखी एक, अन्ननलिका आवळल्यामुळे होणारं दुखणंही सॉर्बिट्रेटने थांबतं. म्हणजे गोळीने थांबलं म्हणून हृदयाचं, असंही ठरत नाही.

अ‍ॅस्पिरिनचं वेगळं. झटक्याचा दाट संशय असेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खायची, आख्खी गिळायची नाही. अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव, किंवा ते पाठीत फाटल्यासारखं दुखणं असेल तर घ्यायची नाही. १०८ ला फोन लावा, त्यांना विचारून द्या.

खारघर_टेकडी · सोमवार, सायंकाळी ६:१०

तरुण मुलांच्या घरच्यांसाठी लिहिते. मुलगा २१ वर्षांचा, सहा फूट, अंगाने काडी. अभ्यासाला बसला होता, एकदम उजव्या छातीत कळ आणि दम. या वयात कसलं हृदय, म्हणून त्याने मित्रांच्या सल्ल्याने बाम चोळला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेला. जिना चढताना ओठ निळसर दिसले तेव्हा सरांनी हॉस्पिटलात नेलं. फुप्फुसाला बारीक छिद्र पडून हवा बाहेर जमली होती, एका बाजूचं फुप्फुस अर्धं मिटलं होतं. नळी टाकून हवा काढली. उंच, सडपातळ मुलांत हे होतं आणि सिगारेटने धोका वाढतो, असं तिथे सांगितलं. छातीचा साधा एक्स-रे काढला आणि लगेच कळलं.

येऊरवाट · सोमवार, रात्री ८:००

बाप रे. आता कसा आहे तो?

खारघर_टेकडी · सोमवार, रात्री ८:२५

ठणठणीत. सिगारेट सुटली. विमानप्रवास मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

पारसिक · सोमवार, रात्री ११:३०

माझ्यासारखे असतील म्हणून लिहितो. गेल्या वर्षी नोकरी गेली त्या काळात चार वेळा इमर्जन्सीत गेलोय. धडधड, छातीत घट्ट, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, आता मरणार अशी खात्री. दहा मिनिटांत कळस, अर्ध्या तासात उतार. चारही वेळा तपासण्या स्वच्छ. पॅनिक अ‍ॅटॅक. चौथ्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं न म्हणता मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीने मी वाचलो. दुखणं खरं असतं, मित्रांनो, मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका. पण पहिल्यांदा होईल तेव्हा हृदय तपासून घ्याच.

नौपाडेकरीण · मंगळवार, सकाळी ७:४५

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही.

आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. संक्रांतीपासून बाबा भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचे. पिशवी कठड्यावर टेकवायचे आणि खिशात किल्ली शोधायचे. किल्ली सापडायला दोन-तीन मिनिटं लागायची. मी वरून "बाबा, दार उघडंच आहे" म्हणायचे. तरी ते शोधत राहायचे. काल त्यांना विचारलं. म्हणाले, "छाती आवळायची, थांबलं की जायची. तुम्हाला कशाला त्रास." तीन महिने! आणि मला वाटत होतं, वयोमानाने विसरतात.

नाडी · मंगळवार, दुपारी ३:१०

ताई, तुमची चूक नाही. असं थांबायला पेशंट इतकी निमित्तं शोधतात की आम्हालाही चटकन कळत नाही. कुणी बुटाची नाडी बांधतो, कुणी दुकानाची पाटी वाचत उभा राहतो. हृदय सांगत असतं, आणि ते ऐकायला वेळही असतो. तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

सानपाडा_लोकल · मंगळवार, रात्री ९:५५

नौपाडेकरीण ताई, तुमची पोस्ट ट्रेनमध्ये वाचली आणि हात गार पडले.

वय ५२. रोज ठाणे स्टेशनचा पूल चढतो. महिनाभरापासून अर्ध्यावर छातीत पट्टा आवळल्यासारखं होतं, डाव्या कोपरात जड वाटतं. मी बाजूला होतो, मोबाइल काढतो, मेसेज बघतो. दोन मिनिटांत जातं. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, गेल्या आठवड्यात रोज झालं. काल सपाट प्लॅटफॉर्मवर चालतानाही. साखर आहे सहा वर्षं. बायकोला सांगितलेलं नाही. शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा ट्रेडमिलची टेस्ट करून घेऊ का?

नाडी · मंगळवार, रात्री १०:०२

शनिवार नाही. आत्ता. ट्रेडमिल अजिबात नाही. नवीन सुरू झालेलं, वाढत चाललेलं, आणि आता कमी श्रमात येणारं, याला अनस्टेबल अँजायना म्हणतात. अशा माणसाला पट्ट्यावर पळवत नाहीत. बायकोला आत्ताच सांगा, हृदयविकाराची सोय आणि रात्री सुरू असणारी कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात ती खोली) असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, आणि तिथे "महिनाभरात वाढत गेलंय, काल सपाट चालतानाही आलं" हे वाक्य जसंच्या तसं सांगा. ईसीजी नॉर्मल आला तरी घरी यायचं नाही. स्वतः गाडी चालवायची नाही.

नौपाडेकरीण · मंगळवार, रात्री १०:०६

दादा, हात जोडून सांगते, निघा.

येऊरवाट · मंगळवार, रात्री १०:०९

सानपाडा, मी वाशीत आहे. कुणी न्यायला हवं असेल तर संपर्कातून मेसेज करा, दहा मिनिटांत खाली येतो.

तलावपाळी · बुधवार, सकाळी ६:३०

सानपाडा, काही कळवा.

आणि डॉक्टर, आमच्या घोडबंदर रस्त्याच्या लोकांनी काय करावं? सायंकाळी पातलीपाडा ते माजिवडा म्हणजे कधी पोचू याचा भरवसा नाही.

नाडी · बुधवार, दुपारी १:३०

काका, आजच, सगळं ठीक असताना, घराजवळच्या दोन हॉस्पिटलांना फोन करून विचारून ठेवा: कॅथलॅब आहे का, रात्री आणि रविवारी चालू असते का. मोठा झटका असेल तर हॉस्पिटलात पोचल्यापासून नव्वद मिनिटांत फुगा लावून रक्तवाहिनी उघडावी असं गणित असतं. दोन तासांत ते होणार नसेल, तर जवळच्या ठिकाणी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग पुढे हलवतात. म्हणून कोंडीत अडकून लांबच्या नावाजलेल्या ठिकाणी जाण्यापेक्षा जवळ ईसीजी काढून घेणं केव्हाही चांगलं. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, तिच्या काही गाड्यांत डॉक्टर आणि शॉक द्यायचं मशीन असतं. आपल्या गाडीत वाटेत हृदय थांबलं तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आणि हो, ज्यांना साखर आहे त्यांच्यात, बायकांमध्ये आणि फार म्हाताऱ्या माणसांत छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसता घाम, दम, थकवा, पोटात कालवाकालव. "आज अंगात त्राणच नाही" असं आई एकाएकी म्हणाली, घाम फुटला, तर तेही धरा.

सानपाडा_लोकल · शुक्रवार, सायंकाळी ५:२०

सगळ्यांना नमस्कार. वॉर्डातून लिहितोय.

मंगळवारी रात्री बायकोला सांगितलं. ती एक शब्द बोलली नाही, पर्स घेतली आणि चप्पल घातली. येऊरवाट यांनी गाडी आणली, पहाटे तीनपर्यंत थांबले. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर नाडी, तुम्ही सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं म्हटलं, आणि त्यांनी ठेवून घेतलं. पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल, दुसरं किंचित वाढलेलं. बुधवारी दुपारी अँजिओग्राफी झाली. डावीकडच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत ९५ टक्के अडथळा होता. त्याच टेबलावर स्टेंट टाकला. मनगटातून केलं, दुसऱ्या दिवशी उठून बसलो.

आज व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. एकदाही मोबाइल काढावा लागला नाही.

नाडी · शुक्रवार, रात्री ९:४०

वा! वाचून फार बरं वाटलं. आता एक लक्षात ठेवा, आणि नौपाडेकरीण, तुम्हीही: रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या दिल्यात त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. दात काढायचा असो, मोतीबिंदू असो, दुसऱ्या कुणी "चार दिवस बंद करा" म्हटलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. नवा स्टेंट गुठळीने बंद पडायचं ते एक मोठं कारण आहे.

नौपाडेकरीण · शुक्रवार, रात्री ९:५२

बरं झालं लिहिलंत. बाबांची सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलेली आहे, एक सुळा हलतोय तो काढायचा होता. उद्या सकाळी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करते.